रक्तातले ट्रोपोनिन आणि हृदयाचे वजन

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. भाईंदर पश्चिमेला राहणारे आमचे एक शिक्षक स्नेही संध्याकाळी फाइल घेऊन घरी आले. ते अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवतात. वय छप्पन, रक्तदाब बारा-तेरा वर्षांपासूनचा. गोळी आठवली तर घ्यायची, अशी रीत.

"डॉक्टर, दोन उत्तरपत्रिका आणल्यात. तपासून द्या," सर म्हणाले. मी औषधांचा नव्हे, प्रथिनांचा डॉक्टर आहे हे त्यांना पक्के ठाऊक आहे, पण हाक तीच मारतात.

पहिला अहवाल त्यांचा स्वतःचा होता. दोन दिवसांपूर्वी स्टेशनचा पूल चढताना छातीत जड वाटले म्हणून ते रुग्णालयात गेले होते. ईसीजीमध्ये झटक्याची खूण नव्हती. रक्तातले ट्रोपोनिन-टी २२ नॅनोग्रॅम प्रति लिटर निघाले. शेजारच्या रकान्यात 'सामान्य मर्यादा : १४ पर्यंत' असे छापलेले. तीन तासांनी पुन्हा तपासले, तेव्हा २३. डॉक्टरांनी सांगितले, "हा हृदयविकाराचा झटका नाही. पण तुमचे हृदय जाड झाले आहे, रक्तदाब सांभाळा."

दुसरा अहवाल त्यांच्या शाळेतल्या एका बाईंचा. वय एकोणपन्नास. वर्ग चालू असताना दरदरून घाम सुटला, जबडा आणि डावा खांदा दुखू लागला. त्यांचाही पहिला ईसीजी ठीक होता. पहिले ट्रोपोनिन ७, म्हणजे मर्यादेच्या निम्मे. "रिपोर्ट नॉर्मल आहे, पित्त असेल," असे म्हणून घरचे त्यांना घेऊन निघणारच होते. डॉक्टरांनी मात्र थांबवून घेतले. तीन तासांनी आकडा आला ५८. हा झटकाच होता. अँजिओग्राफीत एक रोहिणी जवळजवळ बंद झालेली दिसली. वेळेवर उपचार झाले आणि महिन्याभराने बाई पुन्हा वर्गावर उभ्या राहिल्या.

"आता सांगा," सर म्हणाले, "२२ मार्क मिळवणारा मी पास आणि ७ मार्कवाल्या बाई नापास. हे कसले गणित?"

प्रश्न नेमका होता. त्याचे उत्तर शोधताना जीवशास्त्र, रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान आणि सांख्यिकी असे चारही विषय एकत्र येतात. म्हणूनच ते शिक्षक वाचकांपुढे मांडावेसे वाटले.

ट्रोपोनिन करते काय?

आपल्या स्नायूंमध्ये दोन प्रकारचे प्रथिन-तंतू असतात. जाड तंतू मायोसिनचे, बारीक तंतू अ‍ॅक्टिनचे. मायोसिनची डोकी अ‍ॅक्टिनला पकडून ओढतात, तंतू एकमेकांवरून सरकतात आणि स्नायू आखडतो. पण ही ओढाताण सतत चालू राहिली तर हृदय मुठीसारखे आवळलेलेच राहील. म्हणजे आकुंचन कधी व्हावे आणि कधी थांबावे, यावर कुणाचे तरी नियंत्रण हवे.

या नियंत्रणाचा पहिला धागा मिठाच्या पाण्यात सापडला. १८८०च्या दशकात लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचे हृदय क्षारांच्या द्रावणात ठेवून प्रयोग करत होते. नळाच्या पाण्यात बनवलेल्या द्रावणात हृदय छान धडधडत राही, ऊर्ध्वपातित पाण्यात बनवलेल्या द्रावणात लवकरच मंदावून थांबे. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होते, हा त्यातला फरक. कॅल्शियमचा हा निरोप स्नायूच्या तंतूंपर्यंत कोण पोहोचवतो, हे कळायला आणखी ऐंशी वर्षे लागली. १९६५ साली जपानमध्ये सेत्सुरो एबाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रथिन वेगळे केले आणि त्याला ट्रोपोनिन असे नाव दिले.

ट्रोपोनिन हे खरे तर तीन प्रथिनांचे त्रिकूट आहे. 'सी' हा घटक कॅल्शियमला धरतो. 'आय' हा घटक आकुंचनाला अटकाव करतो. 'टी' हा घटक या त्रिकुटाला ट्रोपोमायोसिन नावाच्या दोरीसारख्या प्रथिनाशी बांधून ठेवतो. कॅल्शियम आले की 'सी'चा आकार बदलतो, 'आय'ची पकड सुटते, दोरी बाजूला सरकते आणि मायोसिनला अ‍ॅक्टिन मोकळे मिळते. कॅल्शियम गेले की सारे पुन्हा जागच्या जागी. मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा, जन्मभर, हे चालू असते.

ट्रोपोनिन हातापायांच्या स्नायूंतही असते. मग रक्तात सापडलेले ट्रोपोनिन हृदयाचेच हे कसे ओळखायचे? 'सी' घटक हृदयात आणि काही सांगाडी स्नायूंत सारखाच असतो, त्यामुळे तो निदानाच्या कामाचा नाही. 'टी' आणि 'आय' यांची मात्र हृदयासाठी वेगळी जनुके आहेत. हृदयातल्या 'आय'ला तर सुरुवातीला सुमारे तीस अमिनो आम्लांचे जादा शेपूट असते. हा फरक ओळखणारी प्रतिपिंडे बनवता येतात. एक प्रतिपिंड ट्रोपोनिनला एका बाजूने पकडते, दुसरे दुसऱ्या बाजूने. दुसऱ्याला प्रकाश देणारी खूण जोडलेली असते. जितका प्रकाश, तितके ट्रोपोनिन.

एक खडा मीठ, एक तलाव

१४ नॅनोग्रॅम प्रति लिटर म्हणजे किती? भाईंदरकरांना मिठागरे नवी नाहीत, तेव्हा उदाहरण मिठाचेच घेऊ. पन्नास मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद आणि दोन मीटर खोल असा पोहण्याचा तलाव घ्या. त्यात २५ लाख लिटर पाणी मावते. खडेमिठाचा अडीच मिलिमीटर बाजूचा एक घनाकार खडा सुमारे ३४ मिलिग्रॅम भरतो. तो एक खडा त्या तलावात विरघळवला, की झाले प्रत्येक लिटरमध्ये जवळजवळ १४ नॅनोग्रॅम मीठ. इतके अल्प प्रमाण आजचे यंत्र बोटभर नळीतल्या रक्तात मोजते. विद्यार्थ्यांना हे गणित जरूर करायला द्यावे. मिठाची घनता २.१६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरावी.

पूर्वी असे नव्हते. १९५४ साली हृदयाच्या झटक्यासाठी रक्तातला एसजीओटी हा विकर मोजायला सुरुवात झाली. पण तो यकृतातही भरपूर असतो. पुढे सीके-एमबी हा विकर आला. तोही थोड्या प्रमाणात इतर स्नायूंत सापडतो. १९८९ साली जर्मनीतल्या हायडलबर्गमध्ये ह्यूगो काटुस आणि सहकाऱ्यांनी ट्रोपोनिन-टीची चाचणी मांडली. २००० साली युरोप आणि अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून झटक्याची जी नवी व्याख्या केली, तिच्यात ट्रोपोनिनला मध्यवर्ती स्थान मिळाले. त्यानंतर चाचण्या अधिकाधिक संवेदनशील होत गेल्या आणि त्यातूनच आमच्या सरांसारखे कोडे जन्माला आले. जुन्या चाचणीत त्यांच्या २२चा पत्ताही लागला नसता.

'१४ पर्यंत' याचा अर्थही समजून घ्यायला हवा. ती निसर्गाने आखलेली रेघ नाही. निरोगी समजल्या जाणाऱ्या शेकडो लोकांचे रक्त तपासून ज्या आकड्याखाली शंभरातले नव्व्याण्णव येतात, तो हा आकडा. त्याला नव्व्याण्णवावा शततमक म्हणतात. म्हणजे निरोगी शंभरांतला एक जण या रेघेच्या वर असणार, हे व्याख्येतच आले.

निरोगी हृदयातूनही ट्रोपोनिन का झिरपते?

नव्या चाचण्यांमुळे एक गोष्ट स्पष्ट झाली. निरोगी माणसाच्या रक्तातही थोडे ट्रोपोनिन असते. ते कुठून येते?

एक शक्यता सरळ आहे. हृदयाच्या पेशी फार हळू का होईना, मरतात आणि नव्या बनतात. १९५०-६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढला होता. पेशींच्या डीएनएमधला हा कार्बन मोजून स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २००९ साली दाखवले, की पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का आणि पंचाहत्तरीत सुमारे ०.४५ टक्के हृदयपेशी नव्या बनतात. नव्या बनतात तितक्याच मरतात असे धरू. हृदयाचा स्नायू २५० ग्रॅम मानला, तर १ टक्का म्हणजे वर्षाला अडीच ग्रॅम, दिवसाला सुमारे ७ मिलिग्रॅम स्नायूची अदलाबदल. त्यातले ट्रोपोनिन रक्तात येणारच.

आता या कल्पनेची परीक्षा घेऊ. ती पुरेशी असेल तर दोन गोष्टी दिसायला हव्यात. पहिली, हृदय जितके मोठे तितके ट्रोपोनिन जास्त. दुसरी, म्हातारपणी पेशींची अदलाबदल मंदावते, म्हणून ट्रोपोनिन कमी.

पहिली गोष्ट बऱ्याच अंशी दिसते. पुरुषांचे हृदय सरासरीने स्त्रियांच्या हृदयापेक्षा जड असते आणि त्यांचे ट्रोपोनिनही जास्त असते. एका प्रचलित ट्रोपोनिन-आय चाचणीत म्हणूनच पुरुषांसाठी ३४ आणि स्त्रियांसाठी १६ अशा वेगळ्या मर्यादा वापरतात. सर्वांना एकच मर्यादा लावली, तर स्त्रियांतले काही छोटे झटके नजरेतून सुटू शकतात.

अमेरिकेतल्या डॅलस शहरात साडेतीन हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. त्यात रक्तातले ट्रोपोनिन-टी मोजले होते आणि एमआरआयने हृदयाच्या डाव्या जवनिकेचे वस्तुमानही. ज्यांच्यात ट्रोपोनिन सापडलेच नाही, त्यांच्यापैकी सुमारे ८ टक्के लोकांची डावी जवनिका जाड झालेली होती. ज्यांचे ट्रोपोनिन १४ किंवा त्याहून जास्त होते, त्यांच्यात हेच प्रमाण सुमारे ४८ टक्के होते.

दुसरी गोष्ट मात्र उलटी निघते. वय वाढते तसे ट्रोपोनिन कमी न होता वाढते. म्हणजे पेशींची नेहमीची अदलाबदल आणि हृदयाचे वजन, एवढ्यानेच उत्तर पुरे होत नाही.

सरांचे उदाहरणही तेच सांगते. त्यांच्या टू-डी एकोमध्ये डाव्या जवनिकेचे वस्तुमान सुमारे २४० ग्रॅम निघाले. त्यांच्या अंगलटीच्या माणसात ते साधारण १६० ग्रॅम असावे. म्हणजे दीडपट. निरोगी असताना त्यांचे ट्रोपोनिन ६ होते असे समजू. केवळ वजनाच्या प्रमाणात वाढते तर ते ९ झाले असते. प्रत्यक्षात २२ आहे. उरलेले कुठून आले?

जाड भिंतीचे पदार्थविज्ञान

इथे सर खुर्चीत पुढे सरसावले, कारण आता त्यांचा विषय आला.

गोल पोकळीच्या भिंतीवरचा ताण आतल्या दाबाच्या आणि त्रिज्येच्या सम प्रमाणात असतो आणि भिंतीच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात. लाप्लासचा हा नियम हृदयाला ढोबळमानाने लागू पडतो. समजा रक्तदाब १२० होता तो १६० झाला, म्हणजे चार-तृतीयांश पट. भिंत ९ मिलिमीटरची होती ती १२ मिलिमीटरची झाली, म्हणजे तीही चार-तृतीयांश पट. त्रिज्या तीच राहिली तर भिंतीवरचा ताण पुन्हा पहिल्याइतका. हृदय जाड होते ते असे, वाढलेला दाब पेलण्यासाठी. यात पेशींची संख्या फारशी वाढत नाही. आहेत त्याच पेशी जाड होतात.

पण या तडजोडीची किंमत असते. भिंत जाडावते तशा तिला रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्या त्या प्रमाणात वाढत नाहीत. प्राणवायूला रक्तापासून पेशीच्या मध्यापर्यंत जास्त अंतर कापावे लागते. शिवाय डाव्या जवनिकेच्या भिंतीला रक्त मिळते ते मुख्यतः हृदय सैल पडते तेव्हा. आकुंचनाच्या वेळी आतल्या थरातल्या वाहिन्या दाबल्या जातात. म्हणून जाड भिंतीचा सगळ्यात आतला थर नेहमीच काठावर जगत असतो. पूल चढताना मागणी वाढली की त्या थराची उपासमार होते. काही पेशी दुखावतात, काही मरतात, तंतूंची जागा चिवट धाग्यांची ऊती घेते. रोज थोडे, पण रोज. सरांचे २२ आणि २३ हे या रोजच्या झिजेचे आकडे होते. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारातही ट्रोपोनिन असेच कायम चढलेले दिसते.

तेव्हा ट्रोपोनिन हा हृदयाचा वजनकाटा नव्हे. वजन मोजायला एको किंवा एमआरआय हवा. ट्रोपोनिन सांगते ती स्नायूची हानी. जड हृदयात ती जास्त होते, म्हणून दोन्ही आकडे बरोबरीने वाढताना दिसतात.

बाईंचा आकडा

झटक्यात घडते ते वेगळे. रोहिणीत गुठळी होते आणि स्नायूच्या एका भागाचा रक्तपुरवठा एकाएकी तुटतो. पेशी मरतात, त्यांची आवरणे फाटतात. पेशीतले बहुतेक ट्रोपोनिन तंतूंना बांधलेले असते. जेमतेम ६ ते ८ टक्के ट्रोपोनिन-टी पेशीद्रवात मोकळे असते. आधी हे मोकळे ट्रोपोनिन रक्तात उतरते. मग तंतू विरघळत जातात तसे बांधलेले ट्रोपोनिन दिवसेंदिवस सुटत राहते. म्हणूनच रक्तातले ट्रोपोनिन-टी काही तासांतच निम्मे निपटले जात असले, तरी झटक्यानंतर दहा ते चौदा दिवस ते वाढलेले आढळते. पहिल्या काही दिवसांत मोजलेला आकडा साधारणपणे किती स्नायू मेला याच्या प्रमाणात असतो. म्हणजे हृदयाच्या वस्तुमानाशी ट्रोपोनिनचा इथेही संबंध आहे. तो आहे गमावलेल्या वस्तुमानाशी.

पण पेशी मरायला आणि ट्रोपोनिन रक्तात यायला वेळ लागतो. बाई तासाभरातच रुग्णालयात पोहोचल्या होत्या. त्यांचा पहिला आकडा ७ हा खोटा नव्हता. तो फक्त लवकरचा होता.

आता दोन्ही उत्तरपत्रिका शेजारी ठेवा. सरांचे २२ वरून २३, म्हणजे तीन तासांत साडेचार टक्के बदल; मोजणीत एवढा फरक सहज पडतो. बाईंचे ७ वरून ५८, म्हणजे आठपटीहून अधिक. झटका ओळखताना आकड्याची उंची पाहतात, पण त्याहून महत्त्वाचा असतो त्याचा चढ-उतार. आधीच वर असलेला आकडा २० टक्क्यांहून जास्त हलला, तर ताजी इजा समजतात. सरांच्या विषयात सांगायचे तर एका क्षणीचे स्थान पाहून वस्तू थांबली आहे की धावते आहे ते कळत नाही. त्यासाठी दोन वेळांची स्थाने लागतात.

चढता आकडासुद्धा एकट्याने पुरेसा नसतो. हृदयस्नायूचा दाह किंवा शरीरभर पसरलेला जंतुसंसर्ग यांतही ट्रोपोनिन चढते. मॅरेथॉन धावून आलेल्या अनेक धडधाकट धावपटूंचेही ते काही काळ चढलेले असते आणि एक-दोन दिवसांत उतरते. म्हणून डॉक्टर लक्षणे, ईसीजी आणि ट्रोपोनिन या तिन्हींचा मेळ घालतात. ईसीजीतच मोठा झटका स्पष्ट दिसत असेल, तर ट्रोपोनिनच्या अहवालासाठी थांबायचेही नसते.

आपल्याकडे याचे महत्त्व अधिक का?

'इंटरहार्ट' या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे २००७ साली प्रसिद्ध झालेले विश्लेषण सांगते, की दक्षिण आशियात पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी येतो, इतर देशांत एकोणसाठीच्या सुमारास. २००८ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या 'क्रिएट' या भारतीय पाहणीत ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांतले वीस हजारांहून अधिक रुग्ण होते. लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचायला लागलेल्या वेळेचा मध्यक निघाला ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास! या सहा तासांत सोडा पिऊन पाहणे, बाम चोळणे, 'रात्र काढू, सकाळी बघू' म्हणणे, हे सारे आले. मीरा रोड-भाईंदरसारख्या ठिकाणी माणूस पहाटे लोकल पकडतो आणि रात्री परततो. छातीतले जडपण तो गर्दीच्या खात्यावर टाकतो. स्नायू मात्र मिनिटामिनिटाने मरत असतो.

म्हणून तीन गोष्टी विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचाव्यात. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, कारण नसताना घाम, धाप अशी लक्षणे दिसली की १०८ला फोन करावा किंवा ईसीजीची सोय असलेले जवळचे रुग्णालय गाठावे. पहिला अहवाल 'नॉर्मल' आला तरी डॉक्टर थांबा म्हणत असतील तर थांबावे. काही लहान दवाखान्यांत मिळणाऱ्या पट्टीच्या चाचणीवर सुरुवातीच्या तासांत रेघ उमटली नाही, तर तिच्या भरवशावर घरी जाऊ नये. आणि अहवाल वाचताना एकक पाहावे. ०.०१४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि १४ नॅनोग्रॅम प्रति लिटर हे एकच आहे. ट्रोपोनिन-टी आणि ट्रोपोनिन-आय यांच्या आकड्यांची मात्र एकमेकांशी तुलना करता येत नाही.

सगळे ऐकून सरांनी विचारले, "म्हणजे माझा झटका नाही, पण मी पासही नाही."

"नाही," मी म्हणालो. डॅलसच्या त्याच पाहणीत ट्रोपोनिन कायम चढलेल्या लोकांना पुढच्या काही वर्षांत मृत्यूचा धोका बराच जास्त आढळला होता. पण त्यात आशेचीही बाजू आहे. रक्तदाब नीट काबूत ठेवला तर जाड झालेली जवनिका काही महिन्यांत-वर्षांत हलकी होऊ शकते. हे अनेक चाचण्यांतून दिसले आहे.

सर आता गोळी रोज घेतात. रक्तदाबाची वही ठेवली आहे आणि तिच्यात दाबाचा आलेखही काढतात. बारावीच्या वर्गात लाप्लासचा नियम शिकवताना साबणाच्या फुग्यानंतर ते आता हृदयाचे उदाहरण देतात, आणि ९ आणि १२ मिलिमीटरचे ते गणित फळ्यावर सोडवून घेतात. तुमच्या वर्गात तलावातल्या मिठाच्या खड्यापासून सुरुवात करून पाहा. मुले कोणते प्रश्न विचारतात ते आम्हाला जरूर कळवा.